ट्रॉली किती टनांची? आधी ट्रॅक्टरचे वजन विचारा



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. गाव निराळे, पीक निराळे, पण मुद्दा एकच. बागेत फवारणीसाठी आणि कोळपणीसाठी लहान ट्रॅक्टर घेतलेला असतो, २० एचपीच्या आसपासचा. तो वर्षातले निम्मे दिवस गोठ्याशेजारी उभा. मग घरात विचार निघतो की याला एक छोटी ट्रॉली करावी, म्हणजे खत शेतात जाईल, माल बाजारात जाईल, भाड्याच्या टेम्पोचे पैसे वाचतील. वर्कशॉपवाला म्हणतो, "दोन टनांची करा, आरामात ओढेल." करावी का?

वर्कशॉपवाला खोटे बोलत नाही. ओढेल. पण चढणीवर ती ओढता येईल का, उतारावर ती आवरता येईल का आणि अचानक पुढे म्हैस आली तर ती थांबेल का, हे त्याला कोणी विचारलेले नसते. आज हाच हिशेब मांडू. घरातल्या ज्याला किंवा जिला आकडेमोड बरी जमते त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. शाळेतली बेरीज आणि भागाकार पुरे आहे.

प्रथम "दोन टनांची ट्रॉली" या शब्दांचा अर्थ लावून घ्या. कोणी म्हणतो तेव्हा दोन टन माल बसेल असे त्याच्या मनात असते. कोणी मालासकट ट्रॉलीचे वजन सांगत असतो. या दोहोंत ट्रॉलीच्या स्वतःच्या वजनाचा फरक पडतो, आणि तो थोडाथोडका नसतो. म्हणून तीन आकडे वेगवेगळे लिहा: ट्रॉलीचे रिकामे वजन, मालाचे वजन आणि दोन्ही मिळून एकूण वजन. ट्रॅक्टरला मागे जाणवते ते एकूण वजन. चौथा आकडा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा. लोक एचपी तोंडपाठ सांगतात, पण ट्रॅक्टर किती किलोंचा आहे असे विचारले की गप्प बसतात. खरे तर ट्रॉली निवडताना एचपीपेक्षा हा आकडा मोलाचा आहे. तो ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो.

उदाहरणासाठी असे धरू. लहान ट्रॅक्टर ८५० किलोंचा. ट्रॉली रिकामी ४५० किलो. माल दोन टन, म्हणजे २००० किलो. ट्रॉलीचे एकूण वजन झाले २४५० किलो आणि ट्रॅक्टर धरून सगळी वरात ३३०० किलोंची. म्हणजे मागचे ओझे पुढच्या जनावराच्या जवळपास तिप्पट. आपण बैलाच्या बाबतीत असे कधी केले असते का?

सपाट रस्ता फसवतो

ट्रॉली घेताना चाचणी कोठे होते? वर्कशॉपसमोरच्या डांबरी रस्त्यावर. चांगल्या सपाट डांबरावर, टायरमध्ये हवा नीट असेल, तर वजनाच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतकी ओढ लागते. ३३०० किलोंना ६५-७० किलोंची ओढ. एवढी ओढ म्हणजे या ट्रॅक्टरला पोरखेळ. मालक खूश होतो, विसार देतो.

आता तीच गाडी शिवाराच्या रस्त्याने न्या. कच्च्या, मऊ रस्त्यावर ओढ पंधराव्या हिश्श्यापर्यंत जाते, म्हणजे २२० किलो. ओढ्यातून वर येताना दहा फुटांत एक फूट चढ असेल तर त्याची वेगळी ओढ वजनाच्या एक दशांश, म्हणजे ३३० किलो. दोन्ही मिळून ५५० किलो झाले. इंजिन खालच्या गिअरमध्ये एवढे देईलही, पण ती ओढ जमिनीला पोचवायची चाकांनी. कोरड्या मातीत चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण निम्मी धरतात. या ट्रॅक्टरचे मागच्या चाकांवरचे वजन पाचशे किलोंच्या घरात, म्हणजे पकड अडीचशेची. चारही चाके ओढणारा असला तरी सव्वाचारशेची. ट्रॉलीच्या दांड्याचा भार मागच्या चाकांवर येतो त्याने थोडी भर पडते, तरी ५५० चा मेळ बसत नाही. चाके जागच्या जागी फिरू लागतात. पाऊस पडून काळी माती ओली झाली असेल तर ही पकडसुद्धा निम्म्यावर येते.

अशा वेळी एचपी वाढवून काही उपयोग नाही हे आता ध्यानात येईल. चाके फिरतात ती ताकद कमी पडून नव्हे, ट्रॅक्टर हलका पडून. काही जण मागच्या टायरमध्ये पाणी भरतात, त्याने पकड वाढते हे खरे. पण त्या जोरावर ट्रॉली आणखी भरायची नसते.

चढण तरी बरी. तिथे फार तर अडून बसाल. खरा जीव टांगणीला लागतो तो उतारावर.

त्याच उतारावरून खाली या, पण आता रस्ता डांबरी घ्या. ट्रॉलीचे २४५० किलो, त्यांचा एक दशांश २४५ किलो. चाकांच्या अडथळ्याचे पन्नासेक वजा करा, तरी सुमारे दोनशे किलोंचा धक्का ट्रॅक्टरला मागून सतत बसत राहतो. पुष्कळ ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे ८५० किलोंच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकांनी ३३०० किलोंची वरात थांबवायची. ट्रॅक्टर एकटा २० फुटांत थांबत असेल, तर हिशेबाने भरलेल्या ट्रॉलीसकट त्याला पंचाहत्तर-ऐंशी फूट लागतील. हे सपाटीवर. उतारावर त्याहून जास्त. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होते, ते वेगळेच.

शिवाय ट्रॉली सरळ रेषेत ढकलेल असे नाही. वळणावर ब्रेक दाबला की ती ट्रॅक्टरच्या पाठीला एका बाजूने रेटते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. हे होण्यास मोठा घाट लागत नाही. तळ्याकडे जाणारी उतरण पुरते.

म्हणून काही गोष्टी नियम म्हणून पाळा. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकचे वेगळे पेडल असतात. शेतात वळताना ते उपयोगी, पण रस्त्यावर ट्रॉली जोडली की दोन्ही पेडल एकत्र बांधणारी पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर घाईत एकच पेडल दाबले जाते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. चढायला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच वेग धरून ठेवते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे शूर लोक प्रत्येक गावात आहेत. दोन-चार रुपयांच्या डिझेलसाठी ते काय पणाला लावतात हे त्यांच्या घरच्यांनी त्यांना एकदा विचारावे.

मग किती वजन ठीक? ब्रेक नसलेल्या ओढगाडीसाठी अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना एक सोपा दंडक सांगितला जातो: तिचे मालासकट वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच थांबवा. आपल्याकडे हा दंडक सांगितला की लोक हसतात, कारण ऊस कारखान्याच्या रस्त्यावर त्यांनी याच्या कितीतरी पट भार पाहिलेला असतो. पण तिथल्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर मोठे नि जड असतात, आणि तरीही त्या रस्त्यांवर दर हंगामात काय काय होते हे आपण सगळे जाणतो. माझे मत विचाराल तर चढ-उताराच्या शिवारात दीडपटसुद्धा थोडी जास्तच आहे.

आपल्या उदाहरणातल्या ट्रॅक्टरला दीडपट म्हणजे १२७५ किलो. त्यातून ट्रॉलीचे ४५० वजा केले की मालाला उरले ८२५. पन्नास किलोंच्या सोळा गोण्या. वर्कशॉपवाला चाळीस गोण्या सांगत होता.

ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतले तर जास्त नेता येते, किती ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात पाहावे. एक सोयीचा प्रकार असा आहे की दांड्यातच एक सरकणारा भाग असतो. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागली की तो दाबला जातो आणि ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक आपोआप लागतात. मागे घेताना मात्र तेच ब्रेक अडवतात, त्यासाठी वेगळी खीळ असते. ती काढायची विसरलात तर ब्रेक असून नसल्यासारखे. वर्कशॉपमध्ये ब्रेकचा खर्च ऐकून लोक रंग आणि नक्षीवर पैसे घालतात. मी म्हणेन रंग पुढच्या वर्षी द्या.

आजोबांची उलाळ गाडी

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना पुढचे समजावून सांगायला नको. गाडी मागे जास्त भरली की उलाळ व्हायची, जू वर उचलले जायचे. पुढे जास्त भरली की सगळा भार बैलांच्या मानेवर. जुनी माणसे गाडी भरताना मधूनमधून जू हाताने उचलून पाहत आणि मग पोते मागे-पुढे सरकवत. दोन चाकांच्या ट्रॉलीला हाच न्याय आहे. फरक इतकाच की ट्रॅक्टर मान हलवून सांगत नाही.

भार आसाच्या किंचित पुढे असावा. किंचित म्हणजे किती, तर तोही हिशेब सोपा आहे. पिनपासून आसापर्यंत आठ फूट अंतर असेल आणि मालाचा मध्य आसाच्या एक फूट पुढे असेल, तर मालाचा आठवा हिस्सा दांड्यावर येतो. दोन टन मालाचे झाले २५० किलो. हा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतो, त्यामुळे पुढची चाके उचलली जातात. पिन मागच्या आसापासून दोन फूट मागे आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या-मागच्या चाकांत पाच फूट अंतर धरले, तर पुढच्या चाकांवरचे १०० किलो कमी झाले. लहान ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर असतात मुळात साडेतीनशे. वर चढणीची ओढ सुरू झाली की तीही पुढचा भाग उचलते. पिन जितकी उंच तितके जास्त. सव्वा फूट उंचीवर चारशे किलोंची ओढ म्हणजे आणखी शंभर किलो गेले. उरले दीडशे. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, तरच स्टिअरिंग ऐकते. आपल्या ट्रॅक्टरला तो १७० किलो होतो. म्हणजे चाके जमिनीला टेकलेली दिसतील, पण वळवली तर वळणार नाहीत.

कोणी कोणी ओढ चांगली बसते म्हणून साखळी किंवा दांडा वरच्या लिंकला नाहीतर मागच्या धुऱ्याच्या घराला बांधतात. अडीच फुटांवर बांधले तर वरच्या हिशेबात पुढे जेमतेम ५० किलो उरतात. ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालवणाऱ्यावर उलटा पडतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही. ट्रॉली ओढायची ती कंपनीने दिलेल्या खालच्या जागेवरूनच.

भार आसाच्या मागे गेला तर उलट होते. दांडा वर उचलू पाहतो, मागच्या चाकांची पकड जाते, आणि पिनला खालून अडकवणारी कडी नसेल तर खड्ड्यात पिन उडते. पिनच्या जागी जुना बोल्ट घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

फाळके भरेपर्यंत भरू नका

आता मालाकडे वळू. समजा ट्रॉली आतून सात फूट लांब, चार फूट रुंद आणि फाळके दीड फूट उंच. जागा झाली ४२ घनफूट. हीच ट्रॉली काठोकाठ भुश्याने भरा, शंभर किलोसुद्धा होणार नाहीत. सोयाबीन भरा, साडेआठशे किलोंच्या आसपास. शेणखत ओले-कोरडे असेल त्याप्रमाणे सातशे ते साडेनऊशे. माती दीड टन. आणि वाळू? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि कोरड्या वाळूचा ब्रास साधारण साडेचार टन. म्हणजे आपल्या ट्रॉलीत सुमारे एकोणीसशे किलो, ओली असेल तर आणखी जास्त. आपली मर्यादा होती ८२५. तेव्हा वाळू भरायची ती फाळक्याच्या निम्म्याच्याही खाली.

यासाठी एक युक्ती करा. आपण नेहमी जे जे नेतो त्याची मर्यादा कोठे येते ती रेघ फाळक्याच्या आतल्या बाजूस ऑइलपेंटने ओढून ठेवा: वाळूची एक, मातीची एक, खताची एक. गड्याला हिशेब सांगत बसण्यापेक्षा रेघ दाखवणे सोपे. फाळक्यांवर फळ्या ठोकून उंची वाढवायची असेल तर फक्त कडबा, भुसा अशा हलक्या मालासाठीच.

पाण्याच्या टाकीबद्दल दोन शब्द. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा हजार लिटरची टाकी ठेवली की एक टन झालाच. अर्धी भरलेली टाकी हलकी म्हणून सुरक्षित वाटते, पण वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि ब्रेक दाबला की पुढे आदळते. टाकीत आडवे पडदे असतील तर हे कमी होते. नसतील तर टाकी भरून न्या किंवा रिकामी न्या, आणि भरून नेणे वजनात बसत नसेल तर लहान टाकी घ्या.

माणसे हा माल नव्हे, तरी जत्रेला आणि लग्नाला ट्रॉलीतच वऱ्हाड निघते. वीस माणसे म्हणजे बारा-तेराशे किलो, तीही उंचावर बसलेली, हलणारी. कायद्याने मालाच्या ट्रॉलीत माणसे बसवता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपन्या बहुधा हात वर करतात. मुलांना मडगार्डवर किंवा दांड्यावर बसवणे तर कोणत्याही कारणासाठी नको.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. ट्रॉलीची नोंद ट्रॅक्टरपासून वेगळी होते आणि तिच्या कागदावर रिकामे वजन व भरलेले कमाल वजन लिहिलेले असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा भारासाठी कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये सांगितले आहेत, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. तेव्हा विसार देण्याआधी वर्कशॉपवाल्याला विचारा: नोंद होईल असे कागद तू देणार का, त्यावर भरलेले वजन किती लिहिलेले असेल, आणि टायर कोणते? टायरच्या बाजूवर तो किती भार पेलतो ते छापलेले असते. दोन्ही टायरांची बेरीज ट्रॉलीच्या एकूण वजनापेक्षा कमी भरली तर ट्रॉली घेऊ नका. जुन्या ट्रकचे घासलेले टायर बसवून किंमत कमी करून देतो म्हणाला तरीही नाही.

पत्रातल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे. ट्रॅक्टर साडेआठशे-नऊशे किलोंचा असेल आणि ट्रॉलीला ब्रेक नसतील, तर दोन टनांची करू नका. हलक्या बांधणीची, पाऊण टन माल नेईल अशी करा. शेतातल्या शेतात खत, चारा, फवारणीचे पाणी, क्रेट यांना ती भरपूर पुरते. आठवड्यातून एकदा चाळीस गोण्या बाजारात न्यायच्या असतील तर त्या दिवसापुरता भाड्याचा टेम्पोच परवडतो. त्या एका दिवसासाठी मोठी ट्रॉली करून बाकीचे दिवस तिचे रिकामे वजन ओढत बसू नये.

आणि ट्रॉली घरी आली की पहिल्याच आठवड्यात बाजार समितीच्या किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर न्या. आधी रिकामी ट्रॉली एकटी तोला. मग नेहमीसारखी भरून, ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. नंतर चाकांना पुढून-मागून दगड लावून, दांड्याखाली भक्कम टेकू देऊन, ट्रॅक्टर सोडून पूर्ण ट्रॉली तोला. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे दांड्यावरचा भार. शेवटी ट्रॉली पुन्हा जोडून ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर घ्या आणि पाचवा हिस्सा भरतो का पाहा. भरत नसेल तर माल थोडा मागे सरकवून पुन्हा तोला, किंवा पुढे वजने लावून घ्या. काट्याच्या पावत्या ट्रॉलीच्या कागदांबरोबर ठेवा, आणि टायर बदलले किंवा फाळके वाढवले की पुन्हा एकदा काटा करून घ्या.